बोमाँट कॉलेज, ओल्ड विंडसर : ही कॅथलिक शाळा १९६७ मध्ये का बंद झाली?

प्रश्न : ग्रंथपाल, कर्वेनगर

नमस्कार. मी पुण्यातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून काही वर्षांपूर्वी निवृत्त झाले. नोकरीत असताना लागलेली जुनी पुस्तके चाळण्याची सवय सुटलेली नाही, त्यामुळे रविवारी जुन्या बाजारात माझी एक तरी फेरी होतेच. दोन महिन्यांपूर्वी तेथे तांबड्या चामड्याच्या बांधणीचे एक इंग्रजी पुस्तक मिळाले. कणा वाळवीने खाल्ला आहे, पण आतल्या बाजूला चिकटवलेला बक्षिसाचा कागद अजून शाबूत आहे. त्यावर शाळेची मुद्रा आहे, मुद्रेखाली ‘एटर्ना नॉन कादुका’ असे लॅटिन बोधवाक्य आहे, एका मुलाचे नाव आहे, ‘सिंटॅक्स’ हा एकच शब्द आहे आणि १९०८ हे साल आहे. शाळेचे नाव बोमाँट कॉलेज, ओल्ड विंडसर. पुढच्या कोऱ्या पानावर जांभळ्या शाईचा एक गोल शिक्का उमटलेला आहे आणि त्यातील ‘खडकी’ एवढेच वाचता येते. त्या मुलाचे नाव मी येथे देत नाही, कारण त्याचे कुटुंबीय कोठे असतील तर त्यांना विचारल्याशिवाय ते जाहीर करणे मला योग्य वाटत नाही.

मी थोडी शोधाशोध केली, तेव्हा एवढे कळले की ही जेसुइट, म्हणजे येशूसंघीय धर्मगुरूंनी चालवलेली मुलांची निवासी शाळा होती आणि ती १९६७ मध्ये बंद झाली. ईटनसारखी शाळा हाकेच्या अंतरावर असताना तिच्या शेजारी शंभराहून अधिक वर्षे टिकलेली आणि नावलौकिक मिळवलेली शाळा अशी मिटून कशी गेली, हे मला समजून घ्यायचे आहे. कर्ज झाले, विद्यार्थी मिळेनात, की आणखी काही कारण होते? ‘सिंटॅक्स’ हा विषय होता की आणखी काही, हेही कोणी सांगितले तर बरे होईल. आणि अशी शाळा बंद झाल्यावर तिच्या नोंदवह्या, निकालपत्रके, प्रवेशाची पुस्तके कोणाच्या ताब्यात जातात?

हा प्रश्न केवळ कुतूहलातून आलेला नाही. माझ्या घराजवळच्या एका लहानशा शाळेने यंदा पहिलीचा वर्ग उघडला नाही. मुले कमी झाली, असे सांगण्यात आले. रोज सकाळी प्रार्थनेचा आवाज माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येतो आणि या वर्षी त्यात अगदी लहान मुलांचे आवाज नाहीत. ते कानाला जाणवते. शाळा बंद होते म्हणजे नेमके काय होते, हे तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

उत्तर १ : इतिहासवाचक, एरंडवणे

ताई, पुस्तक मोलाचे आहे, जपून ठेवा. आधी ‘सिंटॅक्स’विषयी सांगतो. ते विषयाचे नाव नसून इयत्तेचे नाव आहे. जेसुइटांची शिक्षणपद्धती १५९९ मध्ये ‘रात्सिओ स्टुडिओरम’ या नियमग्रंथाने बांधली गेली आणि तिच्यात लॅटिन शिकण्याच्या पायऱ्यांवरूनच वर्गांना नावे पडली : रूडिमेंट्स, ग्रामर, सिंटॅक्स, पोएट्री, ऱ्हेटोरिक. आपण ज्याला आठवी-नववी म्हणतो त्याला इंग्लंडमधील जेसुइट शाळांत विसाव्या शतकातही याच नावांनी ओळखले जाई. म्हणजे आपल्या पुस्तकाचा मालक १९०८ मध्ये पौगंडावस्थेतला मुलगा होता. बोधवाक्याचा अर्थ ‘नाशवंत नव्हे, शाश्वत’ असा होतो.

आता शाळेचा इतिहास. तो जरा मागून सुरू करावा लागतो, कारण त्याशिवाय इंग्लंडमध्ये कॅथलिक शाळा ‘स्वतंत्र’, म्हणजे सरकारी पैशाविना चालणाऱ्या, का होत्या हे कळत नाही. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर तेथे कॅथलिकांना शाळा चालवण्यास कायद्याने बंदी होती. त्यामुळे इंग्रज कॅथलिक कुटुंबे आपली मुले चोरून समुद्रापलीकडे पाठवत. जेसुइटांनी १५९३ मध्ये सेंट ओमेर येथे, आजच्या उत्तर फ्रान्समध्ये, अशा मुलांसाठी शाळा काढली. ती पुढे ब्रूज आणि लिएज अशी फिरत राहिली आणि फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९४ मध्ये, इंग्लंडच्या उत्तरेकडील लँकेशरमध्ये स्टोनीहर्स्ट येथे येऊन स्थिरावली. १८२९ च्या कायद्याने कॅथलिकांवरील बहुतेक बंधने उठली, १८५० मध्ये तेथे पुन्हा रीतसर धर्मप्रांत स्थापन झाले आणि मग एकामागून एक शाळा निघाल्या. डर्बीशरमधील स्पिंकहिल येथे जेसुइटांचेच माउंट सेंट मेरीज १८४२ मध्ये सुरू झाले होते. सरकारी पैसा घेण्याचा प्रश्नच नव्हता. शुल्क, देणग्या आणि धर्मगुरूंचे बिनपगारी श्रम या तीन गोष्टींवर या शाळा उभ्या होत्या. यातील तिसरी गोष्ट लक्षात ठेवावी, कारण बोमाँटच्या शेवटाचे मूळ मला तिच्यात दिसते.

बोमाँटची जागा थेम्स नदीच्या काठी, ओल्ड विंडसर गावात आहे. ज्या कुरणात १२१५ मध्ये मॅग्ना कार्टावर मोहोर उमटली ते रनीमीड तेथून अगदी जवळ. मराठी वाचकाला थबकायला लावणारी गोष्ट अशी की ही मिळकत १७८६ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने विकत घेतली होती. वडगावचा तह ज्याने धुडकावला आणि सालबाईच्या तहापर्यंत मराठ्यांशी ज्याचे युद्ध चालले, तोच हा हेस्टिंग्ज. बंगालहून परतल्यावर, संसदेत त्याच्यावर महाभियोगाची तयारी चालू असताना, तो काही वर्षे या वाड्यात राहिला. पुढे मालक बदलत गेले आणि १८५४ मध्ये जेसुइटांनी जागा घेतली, ती आरंभी शाळेसाठी नव्हे तर संघात नव्याने दाखल होणाऱ्या तरुणांच्या दीक्षाकाळासाठी. १८६१ मध्ये ते नवदीक्षित लंडनजवळच्या रोहॅम्प्टनला हलवले गेले आणि रिकाम्या झालेल्या वाड्यात मुलांची शाळा सुरू झाली.

राजधानीजवळ असल्याने येथे लंडनमधील सुखवस्तू कॅथलिक कुटुंबांची मुले आली, तशी युरोपातील खानदानी घराण्यांचीही आली. लिव्हरपूलचे अँग्लिकन कॅथेड्रल आणि इंग्लंडभर दिसणारी तांबडी टेलिफोन पेटी ज्यांच्या रेखाटनातून आली ते वास्तुविशारद सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट हे या शाळेचे विद्यार्थी. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या माजी विद्यार्थ्यांचे आवारातील स्मारकही त्यांनीच रेखाटले. आपल्या पुस्तकातील मुलगा १९०८ मध्ये सिंटॅक्समध्ये होता, म्हणजे १९१४ मध्ये तो विशीच्या आसपासचा असणार. खडकीचा शिक्का पाहता तो सैन्यात गेला असण्याची शक्यता मनात येते. त्याच्या वयाच्या मुलांची नावे त्या दगडावर बरीच आहेत.

क्रिकेटचा उल्लेख पुणेकरांसाठी करतो : बोमाँट आणि ऑरेटरी या दोन कॅथलिक शाळांचा वार्षिक सामना अनेक वर्षे लॉर्ड्सवर होत असे. १८८८ मध्ये शेजारीच लहान मुलांना बोमाँटसाठी तयार करणारी सेंट जॉन्स ही शाळा काढली गेली. तिची इमारत जे. एफ. बेंटली यांची, ज्यांनी पुढे वेस्टमिन्स्टर कॅथेड्रल बांधले.

मग ही शाळा बंद का झाली? दिवाळे निघून नव्हे, आणि एका रात्रीत तर मुळीच नव्हे. निर्णय शाळेचा नव्हता, येशूसंघाच्या इंग्लंडमधील प्रांताचा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर संघाकडे येणाऱ्या तरुणांची संख्या घटू लागली होती. स्टोनीहर्स्ट, बोमाँट आणि माउंट सेंट मेरीज या तिन्ही मोठ्या निवासी शाळांना पुरतील एवढे धर्मगुरू-शिक्षक देणे प्रांताला जड जाऊ लागले. एक फादर वर्गात शिकवी, रात्री वसतिगृह सांभाळी आणि रविवारी उपासना चालवी, तेही पगाराशिवाय. त्यांच्या जागी पगारी शिक्षक नेमायचे तर शुल्क वाढवावे लागते, आणि शुल्क वाढवले की ज्या मध्यमवर्गीय कॅथलिक कुटुंबांसाठी शाळा काढली तीच दुरावतात. त्यातच १९४४ च्या शिक्षण कायद्याने सरकारी साहाय्य घेणाऱ्या कॅथलिक शाळांचे जाळे उभे राहिले होते, म्हणजे कॅथलिक शिक्षण हवे तर शुल्कच भरले पाहिजे अशी स्थिती राहिली नव्हती. १९६२ ते १९६५ या काळातील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर श्रीमंतांच्या मुलांना शिकवण्यात आपली माणसे किती गुंतवावीत, हा प्रश्न संघांतर्गतही विचारला जाऊ लागला. या सगळ्यांतून एक शाळा मिटवून बळ उरलेल्या ठिकाणी लावायचे ठरले आणि वाट्याला बोमाँट आले. उरलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांना स्टोनीहर्स्टला सामावून घेण्यात आले. लंडनच्या परिसरातील पालकांना लँकेशर हे दुसरे टोक होते, त्यामुळे ही सोय सगळ्यांच्या सोयीची नव्हती.

वाडा पुढे आयसीएल या संगणक कंपनीचे प्रशिक्षण केंद्र झाला आणि आता तेथे हॉटेल आहे. लहान मुलांची सेंट जॉन्स मात्र अजून चालू आहे. ज्या शाळेत जाण्यासाठी ती मुलांना तयार करीत असे ती शाळा गेली, आणि तयारी करून घेणारी राहिली.

उत्तर २ : निवृत्त शिक्षिका, वानवडी

मी पुणे जिल्ह्यातील एका कॅथलिक धर्मभगिनींच्या मराठी माध्यमाच्या शाळेत सत्तावीस वर्षे शिकवले. ती शाळा आता नाही. नाव घेत नाही, कारण भगिनींपैकी काही जणी हयात आहेत आणि त्यांनी त्यांच्या परीने शर्थ केली होती. ताईंनी शेवटी जो प्रश्न विचारला आहे त्याचे उत्तर मला पुस्तकातून नव्हे, हाताने बांधलेल्या गठ्ठ्यांवरून ठाऊक आहे.

शाळा बंद होण्याची सुरुवात पहिलीच्या वर्गापासूनच होते, हे ताईंचे निरीक्षण खरे आहे. आमच्याकडे आधी पहिलीच्या दोन तुकड्यांची एक झाली, मग त्या एका तुकडीत चौदा मुली उरल्या, मग एका जूनमध्ये पहिलीच भरली नाही. त्यानंतर दर वर्षी एकेक इयत्ता खालून नाहीशी होत जाते आणि वरचे वर्ग चालू असतात, त्यामुळे बाहेरच्याला वाटते की शाळा तर चालू आहे. आतल्या माणसाला कळते, कारण कोपऱ्यातल्या वर्गाचे कुलूप जूनमध्येही निघत नाही. आजूबाजूच्या वस्तीतील मुले कमी झाली नव्हती. ती इंग्रजी माध्यमाकडे गेली होती, आणि त्यातली काही त्याच संस्थेच्या इंग्रजी शाळेत. आमचे पालक वाईट नव्हते. त्यांना मुलीच्या नोकरीची काळजी होती.

शाळा अनुदानित असल्यामुळे आम्हा शिक्षकांचे पगार बुडाले नाहीत. पटसंख्या घटली की संचमान्यतेत, म्हणजे शाळेला मंजूर होणाऱ्या शिक्षकपदांच्या हिशेबात, पदे कमी होतात, शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतात आणि त्यांचे दुसऱ्या शाळेत समायोजन होते. ‘अतिरिक्त’ हा शब्द कागदावर साधा आहे, पण ज्या बाईने वीस वर्षे एका फळ्यासमोर काढली तिच्या नावापुढे तो आला की तिला तो लागतो. विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसाहाय्यित शाळेतील शिक्षकांना एवढाही आधार सहसा मिळत नाही, हे येथे सांगितले पाहिजे.

आता दप्तराविषयी. शाळेतील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे जनरल रजिस्टर. ते कायमस्वरूपी जतन करायचे असते. आमचे सर्वांत जुने रजिस्टर कापडी बांधणीचे होते, उचलायला दोन हात लागत. एका ओळीत मुलीचे सगळे शालेय आयुष्य असे : अनुक्रमांक, नाव, आईचे व वडिलांचे नाव, धर्म व जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी व अक्षरी, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण, शेरा. अक्षरी जन्मतारीख लिहिताना हात थांबू नये म्हणून आमच्या पहिल्या मुख्याध्यापिका आधी पेन्सिलीने लिहीत आणि मग टाकाने गिरवीत. काही पानांवर पेन्सिलीची ती फिकट रेघ शाईच्या बाजूने डोकावताना दिसे.

शेवटच्या मे महिन्यात आम्ही तिघींनी ही रजिस्टरे लाल रुमालांत बांधली, प्रत्येक गठ्ठ्यावर सालांची चिठ्ठी अडकवली आणि यादीच्या तीन प्रती केल्या. दप्तर दुसऱ्या शाळेकडे सुपूर्द झाले. पुढे तेथून ते आणखी कोठे तरी हलवले गेले आणि आमच्या यादीची प्रत मधल्या मधे गहाळ झाली. सात वर्षांनी एक माजी विद्यार्थिनी माझ्या दारात आली. तिच्या मुलाच्या जात पडताळणीसाठी आजीच्या शाळेच्या नोंदीचा उतारा हवा होता. ती तीन कार्यालये फिरली होती आणि प्रत्येक ठिकाणी ‘तुमची शाळा बंद झाली आहे’ एवढेच उत्तर मिळाले होते. माझ्या कपाटात यादीची तिसरी प्रत होती म्हणून गठ्ठ्याचा क्रमांक सांगता आला आणि उतारा मिळाला. ती प्रत मी घरी ठेवली नसती तर त्या मुलाचा प्रवेश अडला असता.

ताई, तुमच्या घराजवळच्या शाळेत कोणी ओळखीचे असेल तर त्यांना आजच सांगा की जनरल रजिस्टरच्या पानापानाची छायाचित्रे काढून ठेवा आणि हस्तांतराच्या यादीची सही-शिक्क्याची प्रत एकाहून अधिक माणसांकडे असू द्या. वर्ग सुरू आहेत तोवरच हे काम होते.

उत्तर ३ : माजी विद्यार्थी, कॅम्प

वरील दोन्ही उत्तरे वाचून खूप काही कळले. मी सेंट व्हिन्सेंट्सचा माजी विद्यार्थी आहे. इतिहासवाचक सरांच्या एका मुद्द्याशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही. धर्मगुरूंची संख्या घटली म्हणून शाळा बंद करावी लागते, हे अपरिहार्य आहे असे मला वाटत नाही, आणि याचे उदाहरण पुण्यातच आहे.

आमची शाळा जेसुइटांनी १८६७ मध्ये सुरू केली. त्या काळी मुंबई-पुणे मिशन जर्मन जेसुइटांकडे होते. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि हे सगळे फादर एका दिवसात शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. ब्रिटिश सरकारने त्यांतील बहुतेकांना नजरकैदेत ठेवले आणि पुढे मायदेशी पाठवून दिले. पुण्याचे जर्मन बिशप हेन्रिख डोरिंग यांना तर १९२१ मध्ये जपानमधील हिरोशिमाला नेमण्यात आले आणि ते १९२७ मध्ये पुन्हा पुण्याला आले. एखाद्या संघाची माणसे बोमाँटच्या बाबतीत वीस वर्षांत हळूहळू कमी झाली, ती येथे दोन वर्षांत जवळजवळ पुसली गेली. तरी शाळा चालू राहिली. दुसऱ्या देशांचे धर्मगुरू आले, प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या, शिक्षकांनी भार उचलला, आणि कालांतराने भारतीय जेसुइटांनी सूत्रे घेतली. मी शिकत होतो तेव्हा वर्गावर येणाऱ्या शिक्षकांत झगा घातलेले फार थोडे होते. आम्हाला घडवले ते बहुतांशी साडीतल्या बाईंनी आणि सायकलवरून येणाऱ्या सरांनी.

पुण्यातील कॅथलिक समाजाचे मूळही असेच चिवट आहे. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चसाठी सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ मध्ये जागा दिली, ती पेशव्यांच्या पदरी असलेल्या कॅथलिक सैनिकांच्या उपासनेसाठी. पेशवाई गेली, इंग्रज आले, इंग्रजही गेले. ते चर्च आणि त्या परिसरातील शाळा आहेत. हे अभिमानाने सांगतो आहे, पण त्याचबरोबर मान्य करतो की आमच्या शाळेच्या वाट्याला कधीच विद्यार्थ्यांची टंचाई आली नाही. वानवडीच्या बाईंच्या शाळेवर जी वेळ आली ती आमच्यावर आली नाही, याचे श्रेय आमच्या गुणांना फार नाही, इंग्रजी माध्यमाला आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की बोमाँटमध्ये माणसांची कमतरता खरी असली तरी निर्णय त्या कमतरतेने घेतला नाही. प्रापंचिक शिक्षकांच्या हाती सगळी शाळा सोपवून तिचे जेसुइटपण टिकेल, यावर त्या वेळच्या वरिष्ठांचा विश्वास बसला नाही. तो बसला असता तर आज तेथे हॉटेल नसते.

उत्तर ४ : इतिहासवाचक, एरंडवणे

माजी विद्यार्थी यांचा आक्षेप रास्त आहे आणि मी माझे विधान थोडे मागे घेतो. १९६७ नंतरच्या काही दशकांत स्टोनीहर्स्टचे मुख्याध्यापकपदही प्रापंचिक व्यक्तीकडे गेले आणि शाळा जेसुइटच राहिली. म्हणजे जी वाट बोमाँटला सुचली नाही ती पुढे संघाने स्वतःच धरली. बोमाँटचे दुर्दैव असे की तिची वेळ वीस वर्षे आधी आली.

पण त्या वाटेने गेल्यावर शाळा सुरक्षित होते असेही नाही, आणि याचे उदाहरण अगदी ताजे आहे. ज्या तीन निवासी शाळांचा मी उल्लेख केला त्यांपैकी माउंट सेंट मेरीज १८३ वर्षांनंतर २०२५ च्या उन्हाळ्यात बंद झाली. तेथे शिक्षक बहुतांशी प्रापंचिक होते, मुलीही शिकत होत्या, म्हणजे काळाप्रमाणे बदल झाले होते. शाळेला पुरले नाहीत ते पैसे. २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत इंग्लंडमधील सर्वच स्वतंत्र शाळांवर एकामागून एक बोजे आले. एप्रिल २०२४ पासून शिक्षकांच्या निवृत्तिवेतनासाठी मालकाने भरायचा हिस्सा वाढून २८.६ टक्के झाला, १ जानेवारी २०२५ पासून शुल्कावर २० टक्के मूल्यवर्धित कर लागला, आणि त्याच वर्षी एप्रिलपासून धर्मादाय शाळांना मालमत्ता करात मिळणारी सवलत गेली व राष्ट्रीय विम्यातील मालकाचा हिस्सा १३.८ वरून १५ टक्क्यांवर गेला. मोठ्या गंगाजळीच्या शाळा हे सोसतात. खेड्यातील, मध्यम शुल्काच्या, आधीच पट उतरत चाललेल्या शाळेच्या गळ्याशी येते. कर लावावा की नाही हा तेथील नागरिकांचा प्रश्न आहे आणि त्या पैशातून सरकारी शाळांना शिक्षक मिळणार असतील तर त्याला अर्थ आहे, हे मला मान्य आहे. पण शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर तो लावल्याने ज्या शाळांना सावरायला एकही पूर्ण वर्ष मिळाले नाही त्यांच्यावर अन्याय झाला, असे माझे मत आहे.

दोन्ही शाळांच्या शेवटात मला मोठा फरक दिसतो. बोमाँटच्या मुलांना कोठे जायचे ते ठरवून दिलेले होते, आणि शाळा मिटवणारी संस्था दुसऱ्या दिवशीही उभी होती. तिच्याकडे जाऊन भांडता येत होते, कागद मागता येत होते. आजची शाळा स्वतंत्र विश्वस्त संस्थेची असते आणि पैसे संपले की संस्थाच संपते. मग कागद मागायचे कोणाकडे? वानवडीच्या बाईंनी दाराशी आलेल्या विद्यार्थिनीची जी हकिगत सांगितली ती म्हणूनच मला पुन्हा पुन्हा आठवते आहे.

ताई, आपल्या शेवटच्या प्रश्नाचे बोमाँटपुरते उत्तर : ब्रिटनमधील जेसुइटांचे स्वतःचे अभिलेखागार लंडनमध्ये माउंट स्ट्रीटवर आहे. बोमाँटविषयी विचारणा करायची तर तेच पहिले ठिकाण. शिवाय बोमाँट युनियन ही माजी विद्यार्थ्यांची संघटना शाळा गेल्यानंतरही टिकून आहे. साल, इयत्ता आणि नाव या तीन गोष्टी आपल्याजवळ आहेत. तेवढ्यावर मुलाचा माग लागायला हरकत नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : ग्रंथपाल, कर्वेनगर

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभार. अभिलेखागाराला पत्र लिहिले आहे, सोबत बक्षिसाच्या कागदाचे आणि खडकीच्या शिक्क्याचे छायाचित्र जोडले आहे. पुस्तक त्यांना हवे असेल तर पाठवून देईन, मात्र आधी कणा दुरुस्त करून घेईन. नारायण पेठेतील आमच्या जुन्या बांधणीकारांना दाखवले. ते म्हणाले की चामडे वाचेल, शिवण उसवून पुन्हा घालावी लागेल.

वानवडीच्या बाईंचे उत्तर वाचून काल शेजारच्या शाळेत गेले होते. मुख्याध्यापिका माझ्या ओळखीच्या नाहीत, तरी त्यांनी बसवून घेतले. त्यांच्याकडे १९५० च्या दशकापासूनची सहा रजिस्टरे आहेत आणि छायाचित्रे काढायला माणूस नाही. मी ग्रंथालयात हेच काम केले आहे, त्यामुळे सोमवार ते शुक्रवार दुपारी दोन तास जाण्याचे ठरवले आहे. बाई, पाने पिवळी पडून कडेला तुटू लागली आहेत, काही ठिकाणी शाई पलीकडच्या बाजूने उमटली आहे. तुम्ही गठ्ठे बांधलेत तेव्हा सुट्या झालेल्या पानांचे काय केले होते? ती त्याच जागी ठेवून रुमाल बांधला, की वेगळ्या पाकिटात घातली? आणि यादीत त्यांची नोंद कशी केली होती, तेही कळवावे.

उत्तर ५ : निवृत्त शिक्षिका, वानवडी

सुटे पान त्याच जागी ठेवले, पण खालीवर एकेक कोरा कागद घालून. वेगळ्या पाकिटात घातलेले पान दोन बदल्यांत हरवते. यादीत रजिस्टर क्रमांकापुढे ‘सुटी पाने’ असा रकाना केला आणि त्यात पानावरचा पहिला व शेवटचा अनुक्रमांक लिहिला. चिकटपट्टी लावू नका, ती काही वर्षांत अक्षर खाते. छायाचित्र काढताना पानाखाली काळा कागद धरा, म्हणजे पलीकडची शाई कमी दिसते. बुधवारी मला वेळ असतो. पत्ता कळवलात तर मीही येते, दोघी असलो की एक पान उलटते आणि दुसरी अनुक्रमांक वाचून टिपते.